पहिले चॅनेल स्वहस्ते भरावे

हौशी रेडिओचा हातात मावणारा संच घेतला की पुष्कळ मंडळी दुसऱ्याने केलेली चॅनेलांची यादी संगणकावरून त्यात उतरवून घेतात. वेळ वाचतो खरा. परंतु परवाना मिळविलेल्या विद्यार्थ्याने तरी पहिले चॅनेल स्वहस्ते भरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

डोंगरावरील रिपीटर आपला क्षीण संदेश एका वारंवारतेवर ऐकतो व त्याच क्षणी दुसरीवर जोराने पुढे धाडतो. दोन मीटरच्या पट्ट्यात या दोहोंतील अंतर बहुधा ६०० किलोहर्ट्झ असते. समजा, रिपीटर १४५.७०० मेगाहर्ट्झवर बोलतो. तर आपण तेथे ऐकावयाचे आणि बोलावयाचे मात्र १४५.१०० वर. शिवाय कित्येक रिपीटरांना आवाजाबरोबर ८८.५ हर्ट्झसारखा एक मंद्र स्वर लागतो. त्यावाचून ते दाद देत नाहीत. अंतराची दिशा चुकली, तर आपणांस सर्वांचे ऐकू येते, पण आपली हाक कोणालाच पोचत नाही!

भूजच्या २००१ सालच्या भूकंपात दूरध्वनी बंद पडले असता हौशी चालकांनी निरोप पोचविले. अशा प्रसंगी रिपीटरही मुका होऊ शकतो. मग ते अंतर काढून टाकून एकाच वारंवारतेवर थेट बोलावे लागते. आणि यादी उतरवून देणारा मित्र त्या रात्री जवळ असेलच असे नाही.