आधी नख फिरवून बघा

आपल्याकडे शनिवारच्या इन्स्पेक्शनला बुटांचा निकाल दोन-तीन सेकंदांत लागतो. तपासणारा सिनियर खाली बघतो, "डर्टी शूज" म्हणतो आणि पुढच्या कॅडेटसमोर जाऊन उभा राहतो. वहीत फुली पडते, संध्याकाळी रगडा मिळतो. रोजच्या चामड्याच्या बुटांबद्दल माझी काही तक्रार नाही. ते मळकट दिसले तर आदल्या रात्री ब्रश हातात घेतलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण समारंभाचे पेटंट लेदरचे बूटही याच नजरेने तपासले जातात आणि तिथे अन्याय होतो, असे माझे मत आहे. पेटंटवरची प्रत्येक रेघ म्हणजे आळशीपणाचा पुरावा नव्हे.

आधी दोन्ही बुटांतला फरक समजून घेऊ. साध्या चामड्याला बारीक छिद्रे असतात. पॉलिशमधले मेण त्या छिद्रांत आणि ओरखड्यांत भरते. सुती फडके बोटाला गुंडाळून, पाण्याचा एखादा थेंब घेऊन, छोटी छोटी वर्तुळे काढत आपण थरावर थर चढवतो, तेव्हा बुटाच्या टोकावर आरशासारखी चमक येते. ही चमक आपण आपल्या हाताने आणलेली असते. गेली तर पुन्हा आणता येते. मंगळवारी पडलेला ओरखडा शुक्रवारी रात्री अर्धा तास घासून झाकता येतो.

पेटंटचे तसे नाही. त्याच्या चामड्यावर कारखान्यातच एक गुळगुळीत थर चढवलेला असतो आणि चमक त्या थराची असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये असे चकचकीत, पाणी आत न घेणारे चामडे बनवण्याच्या पद्धतींची पेटंटे घेतली गेली. एडमंड प्रायर याने १७९९ मध्ये घेतलेले पेटंट त्यांपैकीच एक. पेटंट लेदर हे नाव त्यावरून आले. पुढे १८१९ च्या सुमारास अमेरिकेत नेवार्क शहरात सेठ बॉयडन याने हे चामडे विक्रीसाठी बनवायला सुरुवात केली. त्या काळी जवसाच्या तेलाच्या रोगणाचे थर एकावर एक देत असत. आता बहुतेक वेळा प्लास्टिकचा थर असतो. त्यात मेण शिरायला जागाच नाही. नेहमीचे पॉलिश कितीही चोळले तरी वर फक्त तेलकट ढग उमटतो.

माझे घर म्हैसूरमध्ये नजरबादला आहे. पोलीस आयुक्तांचे कार्यालय याच भागात असल्यामुळे आमच्याकडे गणवेशातली माणसे आणि त्यांचे बूट यांची कमतरता नाही. दसरा जवळ आला की संचलनाच्या तालमी सुरू होतात. जंबू सवारीची मिरवणूक राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत सुमारे ५ किलोमीटर जाते. एवढ्या वाटेत कोणाच्या बुटाला काही लागले नाही, असे होत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या चांभार अण्णांकडे त्या दिवसांत बुटांची रांग असते. चकचकीत बूट पुढे आला की अण्णा आधी ना ब्रश घेतात, ना डबी. ते अंगठ्याचे नख त्या रेघेवरून अलगद फिरवतात. नख अडकले नाही तर म्हणतात, "हे निघेल." नख अडकले तर म्हणतात, "हे आता असेच राहणार. मी रंगाने झाकून देतो, पण पहिल्यासारखे होणार नाही."

मला वाटते, आपल्या इन्स्पेक्शनमध्ये नेमकी ही एका नखाची तपासणी कमी आहे.

नख अडकत नाही तो डाग. दुसऱ्या बुटाच्या रबरी तळव्याचा रंग, बाकाच्या पायाचे रोगण, धूळ, बोटांचे ठसे, हे सगळे थराच्या वर बसलेले असते. ते काढायला फार काही लागत नाही. आधी ओलसर मऊ फडक्याने धूळ टिपून घ्यायची, कारण धुळीचा कण तसाच घासला तर तोच नवा ओरखडा पाडतो. मग पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवायचे. तरीही राहिले तर कापसावर थोडेसे व्हॅसलीन घेऊन गोल चोळायचे आणि कोरड्या फडक्याने पुसून टाकायचे. दहा मिनिटांचे काम आहे. असा डाग बुटावर ठेवून जो इन्स्पेक्शनला उभा राहतो, त्याला फुली मिळावी. त्याबद्दल माझे दुमत नाही.

नख अडकते तो ओरखडा. तिथे थरच कापला गेलेला असतो. तो घासून जात नाही. उलट जितके घासाल तितका आजूबाजूचा भाग निस्तेज होतो.

आता हा ओरखडा येतो कुठून ते बघा. आपल्या पेटंट बुटांवर सर्वांत जास्त खुणा टाचेच्या आतल्या बाजूला असतात. विश्रामवरून सावधान होताना डावा पाय उजव्या पायाशी येऊन टाच टाचेला भिडते. ड्रिल उस्ताद ओरडून ओरडून जो कडक आवाज मागतात, तो देताना हे होते. म्हणजे सकाळी मैदानावर ज्या गोष्टीची शाबासकी, तिच्याच खुणेबद्दल शनिवारी फुली. ज्याची टाच नीट लागत नाही, त्याचे बूट मात्र कोरे राहतात.

हा प्रश्न फक्त फुलीचा असता तर मी लिहिले नसते. रगडा कॅडेटला नवा नाही. पण भीतीपोटी काय काय होते ते मी आमच्या डॉर्मिटरीत बघतो. कोणी ओरखडा टूथपेस्टने घासतो. टूथपेस्टमध्ये बारीक खरखरीत पूड असते, त्यामुळे एका रेघेच्या जागी शंभर बारीक रेघा होतात. कोणी घरून नेलपॉलिश रिमूव्हर मागवतो. त्यातल्या अ‍ॅसिटोनने थर विरघळतो आणि कायमचा पांढुरका चट्टा पडतो. कोणी काळे मार्कर लावून शनिवार पार पाडतो. आणि सहावीतला एखादा मुलगा रविवारच्या फोनवर घरी हळूच सांगतो, "बाबा, नवे बूट लागतील." सगळ्यांच्या घरी ते वाक्य सहज ऐकले जात नाही. आपल्यातल्या कित्येकांच्या वडिलांचे महिन्याचे गणित आधीच ठरलेले असते. ज्या बुटाला फक्त "ओरखडा आहे, चालेल" एवढे म्हणायला हवे होते, त्यासाठी घरी कोणीतरी दुसरा खर्च मागे ढकलतो.

यावर एक उत्तर मला अनेकदा मिळाले आहे : सैनिकाने सबबी सांगायच्या नसतात, वस्तू जपायच्या असतात. यातली दुसरी गोष्ट मला पूर्ण मान्य आहे. पेटंटला तर जपणूक जास्तच लागते, कारण इथे नंतरची मेहनत उपयोगी पडत नाही, आधीची काळजीच उपयोगी पडते. जोडी एकमेकींना चिकटून ठेवू नये, रंग लागतो. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, शाई उतरते. प्रत्येक बूट वेगळ्या सुती पिशवीत असावा. भिजला तर उन्हात किंवा हीटरजवळ वाळवू नये, थराला तडे जातात. हे ज्याने केले नाही त्याला जरूर विचारा. पण "हा ओरखडा आहे, डाग नाही" हे सांगणे ही सबब नाही, माहिती आहे. ती सांगायची चोरी वाटू लागली की मुले मार्कर वापरायला शिकतात. ज्या शिस्तीमुळे मुलगा दोष लपवायला शिकतो, ती शिस्त बुटापुरतीच राहते. उद्या हाच कॅडेट रायफल किंवा दोर सांभाळेल. तेव्हा "इथे चीर आहे" असे त्याने वेळेवर सांगणे जास्त महत्त्वाचे, की वरून काळा रंग फासणे?

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, सहावी ते आठवीच्या मुलांना परेडसाठीही साधे चामड्याचे बूट असावेत. त्यांचे पाय दर वर्षी वाढतात, आणि पॉलिश करायला शिकण्याचे वय तेच आहे. पेटंट फक्त बँड आणि गार्ड ऑफ ऑनरसाठी ठेवावे. दुसरी, प्रत्येक हाउसमध्ये एका डब्यात पांढरे खोडरबर, कापूस, व्हॅसलीन आणि सुती फडकी असावीत, आणि नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात ती वापरायला शिकवावे. तिसरी आणि सर्वांत सोपी, तपासणाऱ्याने संशय असेल तिथे वाकून नख फिरवावे. अडकले नाही तर फुली. अडकले तर किट बुकमध्ये तारीख घालून एकदा नोंद करावी, म्हणजे त्याच ओरखड्यासाठी दर शनिवारी शिक्षा होणार नाही.

पुढच्या वर्षी आम्ही अकरावीत जाऊ आणि इन्स्पेक्शनची वही आमच्या हातात येईल. ज्युनियरच्या बुटापर्यंत वाकायला सिनियरला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. आमच्या बॅचने हे तेव्हा नक्की करावे, आणि आत्ताच्या बारावीने त्याआधीच सुरू केले तर आणखी चांगले.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी