साठाव्या बाणाची पकड

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज १५४५ साली सोलंटच्या सामुद्रधुनीत बुडाले आणि १९८२ साली त्याचा सांगाडा वर काढण्यात आला. त्या अवशेषांत दीडशेहून अधिक लाँगबो सापडले. यू झाडाच्या लाकडाचे, सहा फुटांहून उंच, शंभर पौंडांच्या पुढचा ताण मागणारे. आज लाँगबो विकत घेताना आपण ज्यावर सर्वांत जास्त चर्चा करतो, ती वेगळी घडवलेली मूठ मात्र त्यांना नाही. लाकूड या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग निमुळते होत जाते. मधोमध ते सर्वांत जाड, आणि हात तिथेच धरायचा. बाण टेकवायला खाचही नाही. बाण धनुर्धराच्या मुठीवर, बोटाच्या पेरावर टेकायचा.

लाँगबोची पकड समजून घ्यायची तर सुरुवात इथून करावी असे मला वाटते. रिकर्व्हला ॲरो रेस्ट असते. हात थोडा हलला तरी बाण जागचा हलत नाही. जुन्या इंग्रजी घडणीच्या लाँगबोवर हात हीच रेस्ट आहे. हात दोन मिलिमीटर वर चढला की बाणही तेवढाच वर चढतो, आणि दोरीवरचा नॉकिंग पॉइंट मात्र होता तिथेच राहतो. मग आपण रिलीजला दोष देतो, अँकर तपासतो, बाणांचा स्पाइन बदलतो. चूक डाव्या हातात असते आणि शोध उजव्या हातात चाललेला असतो.

आपल्याकडे लाँगबोकडे येणारी बहुतेक मंडळी रिकर्व्हवरून किंवा इंडियन राउंडवरून येतात. रिकर्व्हच्या मैदानावर त्यांना शिकवलेले असते की बोटे सैल, हात उघडा, बेचक्यावर दाब, धनुष्य पडू नये म्हणून फिंगर स्लिंग. ते शिकवणे त्या धनुष्यासाठी बरोबरच आहे. स्टॅबिलायझरसकट ते धनुष्य अडीच किलोच्या आसपास भरते आणि त्याची ग्रिप हाताला आपोआप एकाच जागी बसवते. लाँगबो जेमतेम अर्धा-पाऊण किलोचा. मनगटाचा बारीकसा पीळसुद्धा त्याला जाणवतो, आणि सरळ मुठीवर हाताला अडवणारा उंचवटा नाही.

माझे पहिले वर्ष याच गोंधळात गेले. चाळीस पौंडांचा, सरळ मुठीचा लाँगबो घेतला आणि त्यावर रिकर्व्हची उंच मनगटाची पकड चालवली. पहिल्या डझनाला सगळे छान वाटायचे. तिसऱ्या डझनाला मनगट खाली बसू लागायचे, हात मुठीवरून सरकायचा, बाण कधी वर तर कधी बाजूला. पिसाच्या पुढच्या टोकाने तर्जनीचे पेर इतक्या वेळा चिरले की व्रण अजून आहे. ज्यांच्याकडे शिकत होतो ते एकच सांगत, ‘मूठ घट्ट धर.’ मी कोयत्याचा दांडा आवळावा तशी ती आवळली. बाण आणखी विखुरले आणि अंगठ्याचा सांधा महिनाभर सुजून होता.

आरामशीर या शब्दाची तेव्हा मी केलेली व्याख्या चुकीची होती. दुकानात धनुष्य हातात घेतल्यावर जे मऊ, भरीव वाटते ते आरामशीर, असे मी मानत होतो. आता मी एवढेच पाहतो की साठाव्या बाणाला हात पहिल्या बाणाच्याच जागी, न शोधता, न दुखता जातो का. जाड, गुबगुबीत गुंडाळलेली मूठ या कसोटीत बहुधा नापास होते. मूठ जितकी जाड, तितका हाताला ती पिळायला वाव जास्त.

अमेरिकी धर्तीच्या लाँगबोची चर्चा हॉवर्ड हिल यांच्याशिवाय पुरी होत नाही. १९३८ च्या रॉबिनहूडवरील चित्रपटातली बाणांची करामत त्यांचीच. सरळ मुठीच्या लांबलचक धनुष्यावर ते मनगट खाली ठेवून, तळहात पूर्ण टेकवून नेम घेत. त्यांची पकड समजावताना सुटकेस उचलण्याचा दाखला आजही दिला जातो, आणि तो चांगला आहे. भरलेली सुटकेस किंवा पाण्याची बादली उचलताना आपण मूठ आवळून बसत नाही. बोटे कडीभोवती वळतात आणि वजन जिथे पेलते तिथेच पेलते. फक्त धनुष्याचा दाब बोटांवर न येता तळहातावर, अंगठ्याच्या गादीवर येतो. ही गादी आयुष्यरेषेच्या अंगठ्याकडच्या बाजूला असते. दाब त्या रेषेपलीकडे करंगळीच्या बाजूला गेला की धनुष्य वळलेच म्हणून समजा.

हिल यांचे अनुकरण करणाऱ्यांना एक सावधगिरी सांगावीशी वाटते. तळहाताचा मनगटाकडचा भाग मुठीत खुपसला की दाब खाली सरकतो, धनुष्याच्या वरच्या-खालच्या लिंबांवरचा ताण बदलतो आणि बाण वर जाऊ लागतात. धनुष्य घडवणारा लिंबांचा समतोल साधतो तो दाब अमुक एका जागी येईल असे धरून. म्हणून नवे धनुष्य घडवून घेताना आपली पकड कशी आहे हे त्याला आधी दाखवावे. ताणाचे पौंड आणि ड्रॉची लांबी सगळे सांगतात, हात कोणी दाखवत नाही.

जपानी क्युदोत डाव्या हाताच्या पकडीला स्वतंत्र नाव आहे, तेनोउची, म्हणजे हाताच्या आतली बाजू. तिथे धनुष्य मधोमध न धरता बरेच खाली धरतात, आणि बाण सुटल्यावर ते हातातच फिरून दोरी मनगटाच्या बाहेरच्या अंगाला जाते. ही पकड वर्षानुवर्षे घोटली जाते. लाँगबोवर तिची नक्कल करू नये. पण पकड हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, ही जाण घ्यावी. आपल्या परंपरेलाही ती होती. अमरकोशात धनुष्याच्या मध्यभागाला ‘लस्तक’ असा वेगळा शब्द आहे आणि दोरीच्या फटक्यापासून हात वाचवणाऱ्या पट्ट्यालाही वेगळा शब्द आहे.

दोरीच्या फटक्याचा पकडीशी थेट संबंध आहे. लाँगबोची ब्रेस हाइट, म्हणजे मूठ आणि दोरी यांतले अंतर, कमी. जुने इंग्रज धनुर्धर ती मूठ आणि वर ताठ अंगठा एवढ्या मापाने मोजत. म्हणजे दोरी मनगटाच्या फार जवळ. मनगट आत वळले की आर्मगार्डवर थप्पड बसणार. मी शिकणाऱ्यांना हाताची पेरे उभी न ठेवता तिरकी ठेवायला, कोपराचे टोक बाहेर वळवायला आणि कोपर कणभर सैल सोडायला सांगतो. ताठ कोपरातून धनुष्याचा हिसका थेट खांद्यात जातो. पन्नाशी ओलांडलेल्या धनुर्धरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

पकड तपासायची एक स्वस्त युक्ती आहे. तळहाताला खडूची पूड लावा, तीन मीटरवरच्या गठ्ठ्यावर डोळे मिटून सहा बाण सोडा आणि मुठीच्या चामड्यावरचा ठसा पाहा. प्रत्येक बाणानंतर हात पूर्ण काढून पुन्हा धरा. एकच ठसा गडद झाला तर पकड तुमची आहे. दोन-तीन ठसे एकमेकांवर पसरले तर हात अजून जागा शोधतो आहे. अशा वेळी चामड्याखाली सुतळीचा एक वेढा किंवा बुचाचा पातळ तुकडा पुरतो. हाताला त्यावरून जागा कळते. ज्यांच्या हाताला तेही पुरत नाही त्यांनी खोलगट घडणीची मूठ निवडावी आणि त्याबद्दल ओशाळू नये. सरळ मूठच खरी परंपरा, हा हट्ट मला पटत नाही. मनगटाचे हाड आणि बोटांची लांबी प्रत्येकाची वेगळी असते.

माझ्या धनुष्याच्या चामड्यावर आता एक तिरका काळा डाग पडला आहे, बारा वर्षांच्या घामाचा. गेल्या महिन्यात ते धनुष्य एका विद्यार्थिनीला दिले. तिची बोटे माझ्याहून पेरभर आखूड. तो डाग तिच्या तळहाताच्या भलत्याच जागी येत होता आणि ती बिचारी हात ओढून ओढून तिथे नेत होती. आम्ही चामडे उसवले, आतली सुतळी काढली आणि एकेरी पातळ चामडे चढवले. पावसाळी हवेत घसरू नये म्हणून खरखरीत बाजू वर ठेवली. संध्याकाळी साठ बाण झाल्यावर विचारले, ‘कुठे दुखते?’ तिने तळहात उघडून पाहिला, थोडा वेळ विचार केला आणि पुन्हा बाण गोळा करायला गेली.