मानसिकता बदलायला आधी ग्रंथपाल तरी नेमा



महाविद्यालयीन ग्रंथपाल कृत्रिम बुद्धिमत्तेला बिचकतात, त्यांनी आता मानसिकता बदलावी, हा सूर पुन्हा पुन्हा ऐकू येतो. ग्रंथालयाच्या देवघेवीच्या टेबलावर नोकरी करून मी निवृत्त झालो आहे, म्हणून विचारतो: मानसिकता बदलायची कोणी? त्या खुर्चीत माणूस आहे का?

नोव्हेंबर 2018 मध्ये राज्य शासनाने अनुदानित महाविद्यालयांतील 4738 पदे भरायला मान्यता दिली. त्यांत ग्रंथपाल किती? फक्त 163! बाकी अनेक ठिकाणी ग्रंथालयाच्या किल्ल्या कुणा प्राध्यापकाच्या गळ्यात, 'प्रभारी' म्हणून. त्याने तास घ्यायचे, नॅक मूल्यांकनाच्या फायली भरायच्या, दाखल नोंदवही लिहायची आणि वर नवे तंत्रज्ञानही आनंदाने स्वीकारायचे. मागावर विणकर नाही आणि शेठ नवे रेपियर माग आणायच्या गप्पा मारतोय, यातली गंमत आम्हा भिवंडीकरांना सांगायला नको.

आणि ग्रंथपाल तंत्रज्ञानाला घाबरतात म्हणे! कार्डांचे खण रिकामे करून 'सोल' आणि 'कोहा' या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालींवर एकेक पुस्तक कोणी चढवले? 'एन-लिस्ट' या ई-ग्रंथसेवेचे पासवर्ड मुलांना कोणी काढून दिले? याच लोकांनी. कुरकुर केली असेल, पण काम अडवले नाही.

आज ते शंका काढतात, कारण निस्तरायचे त्यांनाच असते. शेजारची मुलगी प्रकल्पासाठी संदर्भांची यादी घेऊन माझ्याकडे आली होती. लेखक खरा, प्रकाशक खरा, सालही टाकलेले. पुस्तक मात्र कधी निघालेच नव्हते. यादी अर्थातच मोबाइलने करून दिलेली. पोरीचे सोडा, मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये रद्द केलेल्या एका प्राप्तिकर आदेशात आधाराला घेतलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्राने दिलेले तपासून मगच वापरा, हे न्यायालयाला सांगावे लागले. ग्रंथपाल हेच सांगतो, तेव्हा तो मागासलेला ठरतो!

आणि ग्रंथपालाच्या खुर्चीत माणूसच नसला की ग्रंथालयाला संध्याकाळी लवकर कुलूप लागते. मग आमच्या भिवंडीतल्या टेमघरची मुले अभ्यासिकेसाठी कल्याण गाठतात, मेट्रो-5 च्या खांबांखालून, राजनोली नाक्याच्या कोंडीत अर्धा जीव घालवून. 

त्या 163 पदांच्या मान्यतेनंतर प्रत्यक्षात किती ग्रंथपाल रुजू झाले आणि आज किती जागा रिकाम्या आहेत, हे शासनाने महाविद्यालयवार जाहीर करावे. आधी पदे भरा, मग प्रशिक्षण द्या, सॉफ्टवेअरची खरेदी त्यानंतर. एवढे झाल्यावर मानसिकतेवर खुशाल परिसंवाद घ्या. मी पदरचे भाडे खर्चून ऐकायला येईन.

– एक निवृत्त ग्रंथालय कर्मचारी, टेमघर, भिवंडी