वेल्डिंग मशीन घेताना कुठला आकडा बघायचा?

हौस म्हणून घरी वेल्डिंग करायचं म्हटलं, की पहिला सल्ला येतो, "घेतोच आहेस तर २५० अँपिअरचं घे!" मला हा सल्ला मुळीच पटत नाही.

आपण घरी करून करून काय करणार? कुंड्यांचा स्टँड, चपलांचं रॅक, फार तर एखादं टेबल. त्यासाठी आणतो तो चौकोनी पाईप जेमतेम १.२ ते २ मिलिमीटर जाडीचा. त्याला २ किंवा २.५ मिलिमीटरची कांडी लागते आणि ती ४० ते ८० अँपिअरवर मस्त चालते. त्याहून करंट वाढवला तर जोड राहतो बाजूला, पाईपला भोक पडतं.

दुसरी गोष्ट, घरातला सॉकेट. गिझरचा असतो तो १६ अँपिअरचा. ८० अँपिअरवर वेल्डिंग करताना मशीन भिंतीतून साधारण १२-१४ अँपिअर ओढतं, म्हणजे कसंबसं जमतं. २०० वर नेलं तर एमसीबी पडलाच म्हणून समजा. मग खोक्यावरच्या त्या मोठ्या आकड्याचं काय लोणचं घालायचं?

म्हणून माझं मत साधं इन्व्हर्टर मशीन घ्या, कांडीवालं. फॅब्रिकेशनच्या दुकानात असतं ते जुनं ट्रान्सफॉर्मरचं धूड दोघांनी उचलावं लागतं; हे एका हाताने गच्चीवर नेता येतं. पातळ पत्र्यावर मिग सोपं जातं हे खरं, पण त्याला गॅसचं सिलिंडर लागतं आणि गच्चीवरच्या वाऱ्याने तो गॅस उडून जातो. गॅसशिवाय चालणारी वायर मिळते, पण ती महाग. टिगचा विचार स्टेनलेस स्टील किंवा ॲल्युमिनियमचं काम निघेल तेव्हा करावा.

आता खरा मुद्दा. मोठं मशीन न घेतल्याने वाचलेले पैसे डोळ्यांवर खर्च करा. आपल्याकडे रस्त्याकडेला नुसता गॉगल लावून, किंवा तोंड फिरवून, टाके मारणारी पोरं रोज दिसतात. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं आणि सकाळी पुन्हा तेच काम. त्यांना पोटासाठी करावं लागतं. आपण तर हौसेला करतोय! १० किंवा ११ नंबरची काच, ठिणगी पडताच आपोआप काळं होणारं हेल्मेट मिळालं तर उत्तमच, चामड्याचे हातमोजे आणि अंगात सुती कपडे. टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं. जीआय पाईप असेल तर जोडाजवळचा जस्ताचा थर आधी घासून काढा, काम उघड्यावर करा. त्या पांढऱ्या धुराने ताप येतो.

आणि हो, बघायला जमलेल्या पोरांना आधी लांब पाठवा. काच तुमच्या डोळ्यांपुढे असते, त्यांच्या नाही.

मशीन काय, पुढे मोठं घेता येईल. डोळे बदलून मिळत नाहीत.