साखर उतरली, पण पाय का सुजले?

खर्ड्यासारख्या गावात साठी ओलांडलेल्या बहुतेक घरांत औषधांची एक पिशवी असते. शुगरची गोळी, बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि घडी पडून फाटत आलेली जुनी चिठ्ठी. मेडिकलवाल्याला दर महिन्याला तीच चिठ्ठी दाखवायची. साखर दीडशेच्या आत आली की घरचे निर्धास्त. पाय सुजले तर 'वय झालं', दम लागला तर 'दमा असेल'.

माझं म्हणणं एवढंच आहे की, ज्यांचं हृदय कमजोर झालंय त्यांच्यासाठी साखरेचा आकडा हा अर्धाच हिशोब आहे. तो कोणत्या गोळीने उतरला, हा उरलेला अर्धा.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. त्याची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडते, अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, आडवं झालं की धाप लागते. अशा माणसाला मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात.

पायोग्लिटाझोन घ्या. साखर चांगली उतरवते, पण शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते. अमेरिकेत २००७ पासून तिच्यावर हृदयासाठी ठळक इशारा छापला जातो. आपल्याकडे २०१३ मध्ये काही आठवडे तिच्यावर बंदी होती, तीही मूत्राशयाच्या कर्करोगाच्या भीतीने. आज ती ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत मिळते. पाकिटावर ब्रँडचं नाव मोठं, घटक बारीक अक्षरात. सुजलेल्या पायांचं कारण त्या बारीक अक्षरात असू शकतं.

ग्लिमेपिराइड स्वस्त आहे, पण जेवण चुकलं की साखर एकदम पडते. एकट्या राहणाऱ्या आजीसाठी रात्रीची ती घसरण जीवघेणी ठरू शकते. मेटफॉर्मिनची भीती मात्र जुनी झाली. हार्ट फेल्युअरमध्ये ती देऊच नये, ही अट अमेरिकेने २००६ मध्ये काढली. मूत्रपिंड ठीक हवं आणि प्रकृती अचानक बिघडलेली नसावी, एवढं पाहावं लागतं. ग्लिप्टिन गटातल्या सॅक्साग्लिप्टिनमुळे हार्ट फेल्युअरसाठी दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी वाढल्याचं २०१३ च्या अभ्यासात दिसलं. सिटाग्लिप्टिनमध्ये तसं आढळलं नाही.

आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन? या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, सोबत मीठ आणि पाणीही. २०१९ च्या अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या ४,७४४ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांना मधुमेह नव्हताच. तरीही डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांमध्ये आजार बळावणं किंवा हृदयविकाराने मृत्यू येणं २६ टक्क्यांनी कमी झालं. फायदा वयस्करांनाही झाला. या गोळ्यांना पथ्यं आहेत. लघवीच्या जागी खाज-संसर्ग होऊ शकतो. उलट्या-जुलाब सुरू झाले किंवा ऑपरेशन ठरलं, तर डॉक्टरांना विचारून ती काही दिवस थांबवावी लागते.

पूर्वी या गोळ्या महाग होत्या. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ मध्ये संपल्यावर किंमत बरीच खाली आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच हा गट अत्यावश्यक यादीत घेतला. आपल्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीत टेनेलिग्लिप्टिन आलं, डापाग्लिफ्लोझिन नाही. ज्याला पैसे देऊन घेता येतं त्याला हृदय जपणारी गोळी, आणि ज्याची भिस्त सरकारी दवाखान्यावर त्याला फक्त साखर उतरवणारी, हा भेद आता परवडणारा नाही. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाली पाहिजे, ही मागणी आपण करायला हवी.

रमजानचाही विचार करा. रोजा, ग्लिमेपिराइड, लघवीची गोळी आणि एप्रिल-मेसारखी उष्णता एकत्र आली, तर म्हातारं शरीर कोरडं पडतं, साखर घसरते. आजाऱ्याला दीनमध्ये सवलत आहे. ती घेणं म्हणजे ईमान कमी होणं नव्हे. रोजे ठेवायचेच असतील, तर महिनाभर आधी गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून बदलून घ्या.

'डॉक्टरला शिकवणारे आपण कोण?' असं कुणी म्हणेल. शिकवायचं नाही, विचारायचं. स्वतःहून कुठलीही गोळी बंद करू नका, शेजाऱ्याची चालू करू नका. फक्त सगळी पिशवी समोर ठेवून विचारा: या गोळीत काय काय आहे? माझ्या हृदयाला ती चालते का? मूत्रपिंडाची तपासणी कधी झाली?

आपल्याच जामखेड तालुक्यात १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या बायांना आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, तरी त्या गर्भवतीची तपासणी शिकल्या. मग दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, घोट्यावर बोट दाबल्यावर खळगा राहिला, हे ओळखणं आपल्या घरातल्या शिकलेल्या मुला-सुनांना अवघड का जावं? वजनकाटा लागतो, आणि रोज सकाळची दोन मिनिटं.