भांडी धुता येतात, फ्रिज नाही

 २०२१ साली २२ जुलैच्या पहाटे वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि बघता बघता तळमजले बुडाले. २६ जुलै ही अशीच दुसरी तारीख. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. या तारखा आल्या की धरणांचा विसर्ग, नद्यांतला गाळ, पूररेषेतली बांधकामे यांची उजळणी होते, आणि ती व्हायलाच हवी. मात्र पाणी ओसरल्यावर घराघरांतल्या स्वयंपाकघरात जे घडते, त्याची वास्तपुस्त कोणी फारशी करत नाही.

घडते ते असे. चिखल उपसला जातो, ओटा धुतला जातो, आडवा पडलेला फ्रिज चौघे मिळून उभा करतात. मिक्सर आणि घरगुती चक्की उन्हात मांडली जाते. दोन दिवसांनी वीज येते आणि घरातले कोणीतरी म्हणते, ‘चालतोय का, बघू तरी.’ पुरातून जीव वाचवून बाहेर आलेल्या माणसाच्या जिवावर हे वाक्य बेतू शकते. त्याच वाक्याने विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

पुराचे पाणी म्हणजे गटार, माती, क्षार यांचे मिश्रण. ते यंत्रात शिरते तेव्हा बारीक गाळ मोटरच्या वाइंडिंगमध्ये, वायरींच्या जोडांत आणि थर्मोस्टॅटच्या फटीत बसतो. वरचा पत्रा दिवसभरात वाळतो. आतला गाळ मात्र कित्येक दिवस ओल धरून ठेवतो. अशा यंत्राला वीज दिली की प्रवाह बाहेरच्या पत्र्यात उतरू शकतो. खाली फरशी ओली, पाय अनवाणी आणि घराच्या अर्थिंगचा भरवसा नाही, अशा अवस्थेत फ्रिजचे दार उघडणारा हात काय सोसणार? इन्व्हर्टर असलेल्या घरात धोका आणखी फसवा असतो. महावितरणने पुरवठा बंद केला तरी इन्व्हर्टर घरातल्या तारा जिवंत ठेवतो. मायक्रोव्हेव्हमधल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जोरदार भार साठून राहू शकतो, म्हणून तो घरी उघडून पुसणे हा वेडेपणाच. मेन स्विच पाण्यात असेल, तर त्याच्याकडे जाऊच नये. १९१२ वर कळवून खांबावरून पुरवठा तोडून घ्यावा. परवानाधारक वायरमनने मेगर (इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र) लावून वायरिंग आणि यंत्रे तपासल्यावरच बटणाला हात लागावा.

आता विम्याकडे पाहू. घरगुती विम्यात पूर हा संरक्षित धोका असतो. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून आणलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीतही तो आहे. चिपळूण त्यानंतर चार महिन्यांच्या आतच बुडाले. इमारत आणि सामान दोन्हींचा विमा या पॉलिसीत घेतला, तर घरातल्या सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांचे संरक्षण आपोआप मिळते. परंतु घरगुती पॉलिसींमध्ये एक अपवादही नेहमी असतो: शॉर्टसर्किट, वीजगळती किंवा अतिभार यामुळे खुद्द त्या विद्युत उपकरणाचेच झालेले नुकसान भरून मिळत नाही. पाण्यात भिजलेला फ्रिज हे पुराचे नुकसान. तोच फ्रिज ‘बघू तरी’ म्हणून चालू केला आणि जळाला, की कंपनीच्या हाती वादाचा मुद्दा आपणच देतो. सुरक्षेचा नियम आणि विम्याचा नियम इथे एकच आहे.

दुसरी चूक घाईतून होते. दुर्गंधी आणि रोगराईच्या भीतीने भिजलेले सामान रस्त्यावर जाते, नगरपालिकेचा डंपर ते उचलतो, आणि विम्याचा सर्व्हेअर येतो तेव्हा दाखवायला काही उरलेले नसते. यावर उपाय अवघड नाही. भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसह प्रत्येक वस्तूचे फोटो काढावेत, मागच्या पट्टीवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर टिपावा, कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे आणि वस्तू टाकायचीच असेल तर सर्व्हेअरची लेखी संमती घ्यावी. बिले घरात होती ती वाहून गेली, आणि चिपळूणसारख्या ठिकाणी ज्या दुकानातून ती मिळवायची ते दुकानही बुडालेले. म्हणून बिलाचा फोटो खरेदीच्या दिवशीच फोनमधून नातेवाइकाला पाठवून ठेवलेला बरा. नाहीच तर बँकेच्या नोंदी उपयोगी पडतात. दावा अन्यायाने नाकारला गेला, तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत. वकील लागत नाही, शुल्कही नाही.

मात्र हे सगळे ज्यांच्याकडे सामानाचा विमा आहे त्यांच्यासाठी. गृहकर्जासोबत घेतलेली पॉलिसी बहुधा भिंती आणि छतापुरती असते, सोसायटीची इमारतीपुरती. आपल्या घरातला फ्रिज त्यात नाही, हे अनेकांना पाणी ओसरल्यावरच कळते. भाडेकरूला केवळ सामानाचा विमा घेता येतो, हेही त्याला सहसा कोणी सांगत नाही.

उरलेल्यांची भिस्त सरकारी मदतीवर. त्या मदतीचे निकष अजून जुन्या स्वयंपाकघरात अडकले आहेत. आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ पासूनच्या निकषांत घर वाहून गेलेल्या किंवा बुडालेल्या कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० आणि भांडी व घरगुती वस्तूंसाठी २,५०० रुपये धरले आहेत. राज्य सरकार प्रसंगी त्यात भर घालते, पण कल्पना तीच राहते: कपडे आणि भांडी. पितळेचे पातेले चिखलातून काढून घासले की पुन्हा चुलीवर चढते. मिक्सर, फ्रिज, चक्की, गिझर यांचे तसे नाही. पापड-मसाल्याच्या घरगुती व्यवसायावर चालणाऱ्या घरात तर चक्की बंद पडली की कमाईच थांबते. मदत पाच हजारांची आणि नवे यंत्र त्याच्या काही पट, असा हिशेब असेल तर माणूस जुनेच यंत्र चालू करून पाहणार. त्याला निष्काळजी म्हणणे सोपे आहे. तो खरे तर नाइलाजाने धोका पत्करत असतो.

पंचगंगेच्या काठी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका पातळी असते; कोल्हापूरकरांना प्लग काढून, एमसीबी पाडून सामान माळ्यावर चढवायला वेळ मिळतो. चिपळूणला पहाटे तो मिळाला नाही. अशा गावांत तळमजल्याचे सर्किट वरच्या मजल्यापासून वेगळे करणे आणि गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी बसवणे यांसाठी नगरपालिकेने घरमालकांना अर्थसाहाय्य द्यावे. तलाठ्याच्या पंचनाम्यात विद्युत उपकरणांचा स्वतंत्र रकाना असावा, त्याची प्रत कुटुंबाला जागेवरच मिळावी आणि विमा कंपन्यांनी ती पुरावा म्हणून स्वीकारावी. पुरवठा सुरू करण्यापूर्वी महावितरणने आयटीआयचे वीजतंत्री विद्यार्थी आणि परवानाधारक वायरमन यांची पथके मोफत तपासणीसाठी गल्लोगल्ली पाठवावीत. यासाठी नवा कायदा लागत नाही. एक शासन निर्णय पुरेसा आहे, आणि तो पुढच्या पुराआधी निघाला तरच त्याला अर्थ आहे.