बी.कॉम. सोडायचे, पण केव्हा?

जयपूरहून आलेले एक पत्र गेले आठ दिवस माझ्या टेबलावर आहे. लिहिणारी मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील बँकेत. बदलीच्या नोकरीमुळे हे कुटुंब चार वर्षांपूर्वी अकोल्याहून जयपूरला गेले आणि मानसरोवर भागात भाड्याने राहते आहे. घरात आईवडील, आजी आणि यंदा बारावीला असलेला धाकटा भाऊ.

गेल्या वर्षी आजी न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले. ती घरी येणार म्हटल्यावर या मुलीने घराची मांडणी बदलायला घेतली. पलंगापासून संडासापर्यंतची पावले मोजली. वाटेतले कपाट हलवले. दिव्याचे बटण पलंगावरून हात पोचेल इतके खाली घ्यायला लावले. आजी आल्यावर तिला कमोडवर बसवून हात सहज कुठे जातो ते पाहिले आणि भिंतीवर पेन्सिलने खूण केली. दांडी बसवायला आलेल्या मिस्त्रीने ती खूण पाहून विचारले, "बिटिया, कौन से कॉलेज में सीखती हो?"

तो प्रश्न तिच्या मनातून जाईना. आता तिला बी.कॉम. सोडून इंटीरियर आर्किटेक्चर शिकायचे आहे. बाबा म्हणतात, "दोन वर्षांची फी पाण्यात घालून पडदे निवडायला शिकणार का?" त्यांची निवृत्ती तीन वर्षांवर आली आहे. आई गप्प आहे. पत्राच्या शेवटी ती लिहिते, "ताई, मला चित्र काढता येत नाही. डिझाइनचा काहीच अनुभव नाही. माझे चुकते आहे का?"

चुकत नाही, बाळ. पण घाईही करू नकोस.

हिशेब लिहिणाऱ्याने आखलेले शहर

तू ज्या शहरात राहतेस, त्याचीच गोष्ट आधी सांगते. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये जयपूरची पायाभरणी केली. शहराच्या आखणीत ज्यांचे नाव घेतले जाते ते विद्याधर भट्टाचार्य हे मूळचे बंगाली गृहस्थ. आमेर दरबारात ते हिशेब खात्यात साध्या हुद्द्यावर होते. त्यांच्या नावाचे विद्याधरनगर तू पाहिलेच असशील.

पण ही गोष्ट अर्धवट सांगू नये. विद्याधरांना गणित येत होते, ज्योतिष आणि शिल्पशास्त्राचा अभ्यास होता. चौकड्यांमध्ये विभागलेले आणि एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचे शहर केवळ हौसेने उभे राहत नाही. वहीतल्या आकड्यांची शिस्त तिथे कामी आली असणार, असे मला नेहमी वाटते.

आपल्या काळातले उदाहरण सुनीता कोहली यांचे. त्या शिकल्या इंग्रजी साहित्य. इंटीरियर डिझाइनचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. जुने फर्निचर दुरुस्त करून त्याला मूळ रूप देण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे राष्ट्रपती भवनाच्या अंतर्भागाच्या जीर्णोद्धाराचे काम केले. १९९२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पदवी दुसऱ्या विषयाची होती, पण कारागिरांच्या शेजारी बसून शिकण्यात त्यांनी कसूर केली नाही.

दोन्ही गोष्टींचे तात्पर्य एकच. विषय बदलता येतो, मेहनत टळत नाही. आणि चित्राचे म्हणशील, तर या कामात सुंदर चित्रापेक्षा खरे माप जास्त मोलाचे. आजीच्या दांडीची खूण करताना तू कुठे चित्र काढले होतेस? तू माणूस पाहिलास आणि मग भिंत मोजलीस. रेखाटन सरावाने येते.

ओटा चुकला की काय होते, ते मी भोगले आहे. आमचे स्वयंपाकघर नवे करताना एका डिझायनरने सुरेख रंगीत चित्रे दाखवली. काम झाले, पाहुण्यांनी वाहवा केली. पण ओटा माझ्या सासूबाईंना इतका उंच झाला की शेवटपर्यंत त्या पाटावर उभ्या राहून पोळ्या लाटत. त्यांची उंची कुणी विचारलीच नव्हती. मीही नाही.

नावाला भुलू नकोस

इंटीरियर डेकोरेशन म्हणजे मुख्यतः सजावट: रंग, पडदे, फर्निचर. इंटीरियर डिझाइनमध्ये जागेची आखणी, प्रकाश, वायरिंग, नळ, साठवण, खर्च हे सारे येते. इंटीरियर आर्किटेक्चरमध्ये इमारतीच्या आतल्या रचनेवर, भिंती, जिने आणि जुन्या वास्तूच्या नव्या वापरावर अधिक भर असतो. निदान अर्थ असा आहे. माहितीपत्रकांत मात्र ही तिन्ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेली दिसतात.

म्हणून एक गोष्ट नीट समजून घे. १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येते. त्यासाठी बी.आर्क. हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो आणि त्याच्या प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित असावे लागते. तू बारावी कॉमर्सची. म्हणजे हा दरवाजा तुला बारावीचे विषय पुन्हा दिल्याशिवाय उघडणार नाही. अभ्यासक्रमाच्या नावात आर्किटेक्चर असले म्हणून तू आर्किटेक्ट होत नाहीस. इंटीरियर डिझायनरसाठी अशी नोंदणीची सक्ती नाही. तो मार्ग तुला मोकळा आहे, पण सक्ती नसल्यामुळेच तिथे चांगल्या संस्थांबरोबर नुसत्या पाट्याही पुष्कळ आहेत.

प्रवेश घेण्याआधी चार प्रश्न विचार. पदवी कोणत्या विद्यापीठाची? आठवड्यातून प्रत्यक्ष रेखाटनाचे आणि कार्यशाळेचे तास किती? शिकवणाऱ्यांपैकी किती जण स्वतः कामे घेतात? आणि मागच्या वर्षी पास झालेल्या दोन मुलींशी बोलता येईल का? चौथ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर फीचा आकडा विचारायचीही गरज नाही.

आता की नंतर?

तू पहिल्या वर्षाच्या आरंभी असतीस, तर मी बदल म्हटले असते. पण तुझे दुसरे वर्ष संपत आले आहे. माझे स्पष्ट मत: पदवी पूर्ण कर.

बाबांना बरे वाटावे म्हणून हे सांगत नाही. पदवी हातात असली की पुढचे दरवाजे वाढतात. डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आयआयटी मुंबई जी सीड परीक्षा घेते, तिला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही, म्हणजे एनआयडीत, दुसऱ्या शाखांतले पदवीधर एम.डेस.साठी अर्ज करतात. तिथे फर्निचर आणि इंटीरियर डिझाइन हा विषय आहे. काही संस्था मात्र इंटीरियरच्या पदव्युत्तर वर्गात आर्किटेक्चर किंवा डिझाइनच्याच पदवीधरांना घेतात, तेव्हा प्रत्येक ठिकाणची अट वाचूनच अर्ज कर.

आणखी एक वाट आहे. २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदवी अभ्यासक्रम करण्याची मुभा दिली आहे: एक नियमित, तर दुसरा दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन. म्हणजे थांबणे अगदीच असह्य झाले, तरी कॉमर्स पूर्ण तोडून टाकायची गरज नाही. विद्यापीठाचे नियम मात्र आधी लेखी विचारून घे.

आणि कॉमर्स वाया जात नाही. घरांची कामे चित्रांमुळे कमी आणि पैशांमुळे जास्त अडतात. अंदाजपत्रक, जीएसटी, मिस्त्रीची उचल, ग्राहकाचा थकलेला हप्ता, हे सारे जिला कळते तिचा धंदा टिकतो.

आधी सहा आठवडे

बाबांशी पुन्हा वाद घालण्याआधी सहा आठवडे हे कर. खर्च एका टेपचा आणि आलेख वहीचा.

पहिले दोन आठवडे आपले घर मोज. अर्धा इंच म्हणजे एक फूट असे प्रमाण घे. बारा फुटांची खोली कागदावर सहा इंचांची होईल. दार कुठल्या बाजूला उघडते, बटणे कुठे आहेत, मे महिन्यात चार वाजता ऊन कुठपर्यंत येते, सारे दाखव. मग सकाळी सहा ते नऊ घरातली पाच माणसे कशी फिरतात त्याच्या रेघा ओढ. जिथे रेघांची गर्दी होईल तिथे तुमची रोजची धुसफूस असते.

पुढचे दोन आठवडे शहर पाहा. १७९९ मध्ये बांधलेल्या हवामहलला शेकडो लहान खिडक्या आहेत. जाळी ऊन अडवते, वारा आत घेते आणि आतल्या स्त्रीला न दिसता बाहेर पाहू देते. एकच वस्तू तीन कामे करते. आमेरला आरायशीची भिंत पाहा. चुन्याचा गिलावा घोटून घोटून इतका गुळगुळीत करतात की हात लावला तर संगमरवर वाटावा. जवाहर कला केंद्रात तर जरूर जा. चार्ल्स कोरियांनी जयपूरचीच नऊ चौकोनांची कल्पना घेऊन ती इमारत रचली आहे. फोटो काढून परत येऊ नकोस. एक कोनाडा, एक पायरी, एक जाळी मोज आणि काढ. स्विंटन जेकब हे लष्करातले इंजिनिअर. त्यांनी जयपूरच्या आरेखकांकडून कमानी, जाळ्या, खांब असेच मोजून काढून घेतले आणि १८९० पासून ते चित्रसंच प्रसिद्ध झाले. तुझी वही त्याच घराण्यातली समज.

शेवटचे दोन आठवडे माणसांत घालव. सुताराकडे बस. आठ बाय चारच्या एका प्लायवूडमधून कपाटाचे किती भाग निघतात आणि किती तुकडे वाया जातात, ते लिहून काढ. सांगानेरला छापकाम पाहा. एखाद्या लहान डिझाइन ऑफिसात सुट्टीत बिनपगारी मदतनीस म्हणून ठेवतील का विचार. पहिल्या दिवशी आईला बरोबर ने. काम सुरू असलेल्या जागेवर धूळ असते, संडासाची सोय नसते, सांगितलेली फरशी येत नाही आणि ग्राहक तिसऱ्यांदा मत बदलतो. हेही या कामाचेच अंग आहे.

सहा आठवड्यांनी स्वतःला विचार: दहावा नकाशा काढताना एका इंचाची चूक सापडली, तेव्हा मी तो पुन्हा काढला की 'चालेल' म्हणून पुढे गेले? पुन्हा काढला असशील, तर वाट तुझी आहे. 'चालेल' म्हणाली असशील, तर ही हौस आहे. हौस वाईट नव्हे, पण तिच्यासाठी बाबांचा फंड मोडू नये. आणि त्या नकाशांचीच फाइल पुढे प्रवेशाच्या वेळी उपयोगी पडेल. आजीच्या खोलीचा नकाशा तिच्यात पहिला लाव.

आईबाबांसाठी दोन शब्द

बाबा, तुमची काळजी रास्त आहे. निवृत्तीच्या तोंडावर मोठ्या फीचे कर्ज काढू नका, आणि धाकट्याच्या शिक्षणाचा वाटा आधी बाजूला काढून ठेवा. ती पदवी पूर्ण करते आहे, तेवढ्या अवधीत ठरावीक रक्कम तिच्या नावाने साठवता येईल. पण 'पडदे निवडणे' म्हणू नका. तुमच्या आई आज रात्री कुणाला हाक न मारता उठून जातात. ते काम कुणी केले, हे तुम्ही पाहिले आहे.

आई, तुम्ही गप्प राहू नका. त्या घरात सर्वांत जास्त तास तुम्ही उभ्या असता. ओटा कसा हवा, हे मुलीला पहिल्यांदा तुम्हीच सांगा.

आणि तू, येत्या रविवारी घर मोजायला घेशील तेव्हा टेपचे दुसरे टोक बाबांना धरायला सांग. बारा फुटांची खोली एकट्याने नीट मोजता येत नाही.